ट्रान्सप्लांटच्या हॉस्पिटलचा रिव्ह्यू : किडनी गेली तरी पाचपैकी चार स्टार का देतेय

मिस्टरांचं किडनी ट्रान्सप्लांट मागच्या ऑगस्टमध्ये पुण्यात झालं, आम्ही सांगलीचे. हॉस्पिटलचं नाव लिहित नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि ज्यांच्याबद्दल चांगलं लिहिणार आहे त्यांना उगाच त्रास व्हायला नको. पण हॉस्पिटल निवडताना नक्की काय बघायचं हे कोणी सांगत नाही, सगळे पॅकेज किती आणि सर्जन कोण एवढंच विचारतात, आम्हीपण तेवढंच विचारलं होतं. ऑपरेशननंतर काय काय होऊ शकतं आणि तेव्हा तिथली माणसं कशी वागतात हे आम्ही जवळून बघितलंय म्हणून सविस्तर लिहितेय, लांब होईल.

ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी एवढंच, की मिळालेली किडनी २८व्या दिवशी काढावी लागली, किडनीच्या रक्तवाहिनीला बुरशीचं इन्फेक्शन झालं होतं. तरी मी चार स्टार देतेय आणि पूर्ण विचार करून देतेय.

बीपीमुळे किडन्या गेल्या, तीन वर्षं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. माझी किडनी जुळत नव्हती, सासूबाईंना शुगर, त्यामुळे झेडटीसीसी पुणेच्या, म्हणजे दान झालेले अवयव कोणाला द्यायचे ते ठरवणाऱ्या सेंटरच्या, वेटिंग लिस्टमध्ये नाव. एका रात्री अडीचला फोन आला की किडनी आहे, निघा. भाऊजींनी गाडी काढली, पाऊस नुसता कोसळत होता, खंबाटकी घाटात समोरचं दिसत नव्हतं, पण सकाळी पोचलो आणि दुपारी ऑपरेशन झालं. किडनी ब्रेन डेड झालेल्या एका माणसाची होती, त्यांच्या घरच्यांचं नाव आपल्याला कधीच सांगत नाहीत, पण त्या घरासाठी मी रोज देवापुढे दिवा लावते, अजूनही लावते. पुढे जे झालं त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही हे आधीच लिहून ठेवते कारण आमच्या नातेवाइकांत काहीजण काहीबाही बोलले होते.

पहिले तीन दिवस मस्त गेले. लघवी भरपूर, क्रिएटिनिन (किडनी नीट चालली की रक्तात कमी होतं ते) नऊवरून खाली खाली येत होतं, हे तर म्हणाले मला तीन वर्षांनी पोटभर पाणी प्यायला मिळालं. चौथ्या दिवशी संध्याकाळी मोठे डॉक्टर राउंडची वेळ नसताना आले, खुर्ची ओढून बसले, सोबत ट्रान्सप्लांटच्या पेशंटचं सगळं बघणाऱ्या कोऑर्डिनेटर मॅडम. मला वाटलं बिलाचं काहीतरी असेल. त्यांनी सांगितलं की किडनी काढल्यापासून बसवेपर्यंत बर्फात ज्या थंड पाण्यासारख्या औषधात ठेवतात त्यातलं थोडं आम्ही तपासायला पाठवतो, त्या कल्चरमध्ये बुरशी उगवलीय. कॅन्डिडा अल्बिकन्स.

मी पहिला प्रश्न विचारला तो काळी बुरशी का, कोविडमधली? कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात फंगस म्हटलं की २०२१ चा उन्हाळाच येतो. डॉक्टर म्हणाले नाही, ती म्युकर, ही वेगळी. कॅन्डिडा आपल्या सगळ्यांच्या तोंडात, आतड्यात असतेच, एरवी काही करत नाही. पण अवयव काढताना आतड्यातलं थोडं जरी बाहेर आलं किंवा डोनर बरेच दिवस आयसीयूत अँटिबायोटिकवर असला तर ती त्या पाण्यात जाऊ शकते, आणि पाण्यातून किडनीच्या रक्तवाहिनीच्या कापलेल्या टोकाला चिकटते. म्हटलं मग? तर त्यांनी मिस्टरांच्याच फाइलच्या मागच्या पानावर चित्र काढून दाखवलं. नवीन किडनी पाठीत नाही बसवत, पुढे पोटात खाली उजव्या बाजूला बसवतात, जुन्या दोन्ही तशाच ठेवतात. पायाकडे जी मोठी धमनी जाते तिला किडनीची धमनी शिवतात. त्या शिवणीवर बुरशी बसली तर ती भिंत आतून पोखरते, वर इम्युनिटी कमी करायच्या गोळ्या चालू, म्हणजे शरीर लढणार कमी. मग तिथे फुगा येतो आणि फुगा फुटला तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. असं फार कमी जणांना होतं, बहुतेकांना त्या पाण्यात, म्हणजे फ्लुइडमध्ये, काही सापडलं तरी औषधावर निभावतं, पण झालं तर पहिल्या दोनतीन महिन्यांतच होतं, त्यामुळे तुम्ही इथून लांब जायचं नाही.

पाच स्टारपैकी पहिला स्टार त्या अर्ध्या तासाचा. तेव्हा मला भयंकर राग आला होता, तीन दिवस सुखाचे गेले नाहीत तोवर हे काय ऐकवतायत असं झालं, रात्रभर झोप नाही. पण त्यांनी तो रिपोर्टचा कागद फाइलमध्ये नुसता लावून ठेवला असता तर मला इंग्रजीतलं काय कळणार होतं. नंतर आम्ही जिथे खोली घेतली तिथे खालच्या मजल्यावर दुसऱ्या हॉस्पिटलचे पेशंट होते, त्यांच्या मिसेसना मी विचारलं तुमच्या फ्लुइडचा रिपोर्ट काय आला हो, तर त्यांना असा काही रिपोर्ट असतो हेच माहीत नव्हतं. विचारायला गेल्या तर दोन काउंटर फिरून आल्या आणि शेवटी कोणीतरी सांगितलं नॉर्मल असेल म्हणून. असेल म्हणजे काय!

त्याच रात्री मायकाफंजिन नावाचं बुरशीवरचं इंजेक्शन सुरू झालं, रोज एकदा. नंतर ती बुरशी कोणत्या औषधाला दाद देते याचा रिपोर्ट आल्यावर फ्लुकोनाझोल, ही बुरशीवरची गोळी. आणि ही गोळी सुरू केली की टॅक्रोलिमस, म्हणजे इम्युनिटी कमी करायचं मुख्य औषध, रक्तात वाढतं, म्हणून टॅक्रोचा डोस कमी केला आणि लेव्हल आठवड्यातून दोनदा बघायला लागले. हे कोणत्याही ट्रान्सप्लांट पेशंटच्या घरच्यांनी लक्षात ठेवा, बुरशीची गोळी कोणीही दिली, अगदी स्किनच्या डॉक्टरांनी नायट्यासाठी पोटात घ्यायला दिली तरी, आधी ट्रान्सप्लांटवाल्यांना फोन करायचा. ती मधेच बंद करतानाही विचारायचं, कारण मग लेव्हल खाली येते.

१३व्या दिवशी डिस्चार्ज, क्रिएटिनिन १.४. हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर खोली घेतली, दुसरा मजला, लिफ्ट नाही, तेवढीच परवडत होती. दर आठवड्याला डॉप्लर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, सातव्या दिवशी ठीक, चौदाव्या दिवशी ठीक, एकविसाव्या दिवशी पण ठीक. मी मनात म्हटलं सुटलो.

२७व्या दिवशी रात्री जेवण झालं आणि हे उठताना उजवा पाय जरा बिचकत टाकतायत असं मला वाटलं. विचारलं तर म्हणे काही नाही, जांघेत जरा दुखतंय, दिवसभर बसून अवघडलं असेल. ताप बघितला ९९.६. बीपी १६० वर १००, दोन दिवसांपूर्वीपर्यंत १३० च्या आसपास असायचं. लघवी व्यवस्थित. म्हणजे बघायला गेलं तर काहीच नाही, घरी असतो तर बाम लावून झोपलो असतो, हे सुद्धा तेच म्हणत होते, उद्या ओपीडी आहेच ना, आत्ता रात्री कशाला त्रास द्यायचा लोकांना. घरमालकीणबाई पण म्हणाल्या गॅस असेल, ओवा देते.

पण डिस्चार्जच्या दिवशी कोऑर्डिनेटर मॅडमनी मला एक कागद दिला होता, मराठीत, हाताने लिहिलेला, की ताई, यातलं एक जरी झालं तरी वेळ बघायची नाही, मला फोन करायचा. त्यात जांघेत किंवा किडनीच्या जागी दुखणं हे पहिलंच होतं, मग बारीक ताप, अचानक वाढलेलं बीपी, एक पाय सुजणं किंवा गार पडणं. मी ११ वाजून १० मिनिटांनी फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. झोपेतला आवाज होता, तरी अहो सकाळी करा असा सूर अजिबात नव्हता. पाच प्रश्न विचारले, कुठे दुखतंय, कधीपासून, ताप किती, लघवी किती, दोन्ही पायांना हात लावून बघा एक गार आहे का. मग म्हणाल्या ताई आत्ता या, सकाळची वाट बघू नका, आणि त्यांना जिना उतरू देऊ नका, खुर्चीवर बसवून खाली आणा.

खुर्चीवर बसवून आणायला शेजारची दोन कॉलेजची पोरं आली. इमर्जन्सीत पोचलो तर फाइल आधीच तिथे काढून ठेवलेली, दारात परत सगळी कहाणी सांगावी लागली नाही. डॉप्लर करणारा मुलगा अगदी तरुण होता, त्याने प्रोब ठेवला आणि एकदम गप्प झाला. स्क्रीनवर गोल काहीतरी होतं आणि त्यात लाल आणि निळा रंग एकमेकांभोवती फिरत होते, मला काही कळत नव्हतं पण चांगलं नाही एवढं कळलं. फुगा शिवणीच्या जागीच होता. मग सीटी अँजिओ, म्हणजे डाय टाकून रक्तवाहिन्यांचा स्कॅन, त्याआधी सांगितलं की यातल्या डायने किडनीला धक्का बसू शकतो पण आता आधी जीव. दोन वाजता रक्तवाहिन्यांचे सर्जन घरून आले.

मी त्यांना विचारलं स्टेंट नाही का टाकता येत हृदयात टाकतात तशी, किडनी ठेवून? त्यांना घाई होती तरी उभं राहून सांगितलं. भिंतच सडलीय, स्टेंट टाकला तर तो सडक्या जागेत बसणार आणि बुरशी त्याच्यावर पण चढणार. प्लास्टिकची नळी टाकली तरी तेच. म्हणून किडनी काढायची, धमनीचा खराब तुकडा काढायचा, आणि उजव्या पायाला रक्त डाव्या जांघेतून आणायचं, ह्यांच्याच मांडीतली शीर वापरून. मी सही केली. ह्यांना विचारलं तर म्हणाले तू आणि डॉक्टर ठरवा, फक्त त्या लोकांना काय सांगायचं. त्या लोकांना म्हणजे ज्यांनी किडनी दिली त्यांना. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

साडेतीनला आत नेलं, आठला बाहेर. जीव वाचला, पाय वाचला. सर्जन म्हणाले भिंत कागदासारखी झाली होती, सकाळच्या ओपीडीपर्यंत टिकली असती असं मी सांगू शकत नाही.

आठवड्याने पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो दाखवला, चांदीचा रंग असतो म्हणे एक, त्यात बुरशी काळी दिसते, धमनीच्या भिंतीत आरपार काळे दोरे आणि ठिपके. डिस्चार्ज समरीत मायकॉटिक अ‍ॅन्युरिझम लिहिलंय. अ‍ॅन्युरिझम म्हणजे रक्तवाहिनीला आलेला फुगा, मायकॉटिक म्हणजे बुरशीचा, पण गंमत अशी की हा शब्द ऑस्लर नावाच्या डॉक्टरांनी १८८५ मध्ये काढला तेव्हा तो जंतूंमुळे होणाऱ्या फुग्याला वापरला होता, दिसायला आळंबीसारखं म्हणून, आणि अजूनही बॅक्टेरियामुळे झाला तरी तेच म्हणतात. आमचा मात्र खरोखर बुरशीचाच. हे सांगतेय कारण दुसऱ्या कोणाच्या रिपोर्टवर हा शब्द दिसला तर बुरशीच आहे असं गृहीत धरू नका, कल्चरमध्ये काय आलंय ते विचारा, औषध त्यावर ठरतं.

आता ज्यासाठी एक स्टार कापला ते.

पहिलं बिलिंग काउंटर. रात्री दोनला आत ऑपरेशनची तयारी चालू आणि बाहेर मला डिपॉझिट भरा नाहीतर ओटीची स्लिप निघणार नाही. भाऊजी सांगलीहून निघालेले, माझ्याकडे एटीएममधून निघतील तेवढेच. कोऑर्डिनेटर मॅडम तोवर स्वतः येऊन पोचल्या होत्या, त्यांनी सही करून दिली तेव्हा स्लिप निघाली. एका माणसाच्या चांगुलपणावर हे अवलंबून असू नये. ज्या पेशंटबद्दल हॉस्पिटलला चौथ्या दिवसापासून माहीत होतं की हे होऊ शकतं, त्याच्या फाइलवर आधीच तसं लिहून ठेवता आलं असतं.

दुसरं, इंजेक्शन. ऑपरेशननंतर लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं इंजेक्शन लिहून दिलं. ह्यांचं वजन ६० किलो, किलोमागे ३ मिलिग्रॅम म्हणजे रोज १८०, एक वायल ५० ची, म्हणजे रोज चार वायल आणि हे काही आठवडे चालणार. हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये दोनच दिवसांचा साठा होता, मग बाहेरून आणा. भाऊजी अख्ख्या पुण्यात फिरले आणि एका दुकानदाराने अ‍ॅम्फोटेरिसिन म्हणून जे दिलं ते साधं निघालं, लायपोसोमल नव्हतं! वायल ती पण ५० चीच, नाव तेच. साध्याचा डोस फार कमी असतो, लायपोसोमलच्या हिशोबाने साधं गेलं तर माणसाचा जीव जाऊ शकतो. वॉर्डच्या फार्मासिस्ट मुलीने खोका उलटून बघितला म्हणून सापडलं. तिला मी पेढे नेऊन दिले नंतर. प्रिस्क्रिप्शनवर लायपोसोमल हा शब्द इतका बारीक आणि कोपऱ्यात होता की दुकानदाराला तरी किती बोलणार, मोठ्या अक्षरात लिहायला हवं ते, आणि खरं म्हणजे असलं औषध नातेवाइकांना बाहेर शोधायला लावूच नये. मेडिकलवाले काका म्हणाले ताई, २०२१ च्या मे मध्ये हीच वायल लोक रडत शोधत होते, तेव्हा सात हजारांच्या आसपास जायची, मग वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसला परवानगी मिळाली आणि गडकरींनी १२०० रुपयांत मिळेल म्हणून सांगितलं तेव्हा कुठे जीवात जीव आला. त्या दिवसांत ज्यांच्या घरात म्युकर होता त्यांनी काय सोसलं असेल ते मला तेव्हा कळलं.

तिसरं, रात्रपाळी. हे इंजेक्शन फक्त डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या पाण्यात द्यायचं, नॉर्मल सलाइनच्या म्हणजे मिठाच्या पाण्यात चालत नाही. एका रात्री नवीन सिस्टर नॉर्मल सलाइनच्या चालू लाइनलाच जोडायला लागल्या, मला दिवसाच्या सिस्टरनी सांगून ठेवलं होतं म्हणून मी म्हटलं थांबा जरा विचारून घ्या. विचारलं, बदललं, सॉरी पण म्हणाल्या. त्या एकट्या बाई १४ पेशंट बघत होत्या, मी त्यांना दोष देत नाही, पण ट्रान्सप्लांट वॉर्डला रात्री एवढीच माणसं ठेवणाऱ्यांना देते. हे इंजेक्शन चालू असताना थंडी वाजून येते, दात वाजायचे ह्यांचे, मी दोन ब्लँकेट टाकून हात धरून बसायचे दोन तास, तेव्हा बेल वाजवली की कोणीतरी यायला दहा मिनिटं लागायची.

जेवण ठीक, पथ्याचं म्हणून सपक असणारच. पार्किंग वाईट. नातेवाइकांसाठी झोपायला हॉल आहे, स्वच्छ आहे, बायकांचा वेगळा आहे, याचे मी खरंच आभार मानते कारण एकूण ५२ रात्री तिथे काढल्या.

किडनी गेल्यावर टॅक्रो आणि मायकोफेनोलेट, ही इम्युनिटी कमी करायची औषधं, बंद केली, स्टेरॉइड हळूहळू कमी केलं. हाताचा फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला जोडलेली शीर) त्यांनी बंद केला नव्हता, त्यामुळे डायलिसिस लगेच त्यावरच सुरू झालं, गळ्यात नळी घालावी लागली नाही, हे पण आधी विचार करून ठेवलेलं काम आहे. अ‍ॅम्फोटेरिसिननंतर परत फ्लुकोनाझोल, ते डायलिसिसच्या दिवशी डायलिसिस झाल्यावर घ्यायचं, नाहीतर मशीन ते धुऊन काढतं. सांगलीच्या सेंटरला हे मॅडमनी स्वतः फोन करून कळवलं, चिठ्ठी दिलीच होती तरी.

बरेच जण मला विचारतात की किडनी गेली, पैसे गेले, परत डायलिसिसवर आलात, आणि तू चार स्टार देतेस? हो देते. बुरशी त्या पाण्यात होती हे हॉस्पिटलच्या हातात नव्हतं. त्यांच्या हातात होतं पाणी तपासायला पाठवणं, आलेला रिपोर्ट त्याच दिवशी कोणीतरी वाचणं, तो आम्हाला आमच्या भाषेत सांगणं, कुठलं दुखणं म्हणजे पळत यायचं ते लिहून देणं, आणि रात्री सव्वाअकराला फोन उचलणं. ही साखळी त्यांनी कुठेही तुटू दिली नाही. यातलं एक जरी राहिलं असतं तर माझे मिस्टर त्या खोलीत दुसऱ्या मजल्यावर गेले असते आणि आम्हाला शेवटपर्यंत कळलं नसतं का गेले. तुम्ही हॉस्पिटल बघायला जाल तेव्हा पॅकेजच्या आधी कोऑर्डिनेटरना भेटा, त्यांना विचारा फ्लुइडचं कल्चर पाठवता का, रिपोर्ट कोण बघतं, रात्री कोणता नंबर लागतो. आणि तो नंबर भरती व्हायच्या आधीच एकदा रात्री लावून बघा, मला आधी सुचलं असतं तर मीपण लावला असता.

आता हे बरे आहेत. उजव्या पायात चालताना पोटरी भरून येते अजून, पण रोज सकाळी गणपती मंदिरापर्यंत जाऊन येतात. औषधं संपून तीन महिने झाले, शेवटचं सीटी स्वच्छ आलं. परत नाव लावायचं ठरलंय, आधी शरीरात अँटिबॉडी किती तयार झाल्यात ते बघणार, एकदा किडनी येऊन गेली की त्या वाढू शकतात आणि पुढची जुळायला अवघड जातं. ह्यांची पहिल्यांदा तयारी नव्हती, म्हणाले परत कोणाची तरी किडनी वाया घालवायची का. मॅडमनीच समजावलं, तासभर बसून.

बुधवारी त्या तपासण्यांसाठी पुण्याला चाललोय, त्याच हॉस्पिटलमध्ये. कोणाला तिथलं काही विचारून यायचं असेल, खोल्यांचे भाडे, मेडिकल, योजनेचे कागद, तर मंगळवार संध्याकाळपर्यंत खाली लिहा, मी वहीत उतरवून घेऊन जाते.